वय, विचार आणि निष्ठा

(एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



आजच्या व्याख्यानासाठी संयोजकांनी मला जो विषय दिला, तो वरकरणी सोपा वाटतो. वय वाढत जाते तशी माणसाची राजकीय दृष्टी बदलते का, आणि बदलत असेल तर ती कशामुळे बदलते? या प्रश्नाचे एक तयार उत्तर आपल्याकडे पूर्वापार चालत आलेले आहे. विशीत जो डावा नाही त्याला हृदय नाही आणि चाळिशीतही जो डावाच राहिला त्याला मेंदू नाही, असे ते वचन. कोणी ते चर्चिल यांच्या नावावर खपवतो, कोणी आणखी कुणाच्या. चर्चिल यांचा चरित्रपट पाहिला तर तो या वचनाच्या नेमका उलट आहे. १९०० साली वयाच्या पंचविसाव्या वर्षी ते कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे उमेदवार म्हणून पार्लमेंटमध्ये गेले, १९०४ साली लिबरल पक्षात दाखल झाले आणि पुढे वीस वर्षांनी पुन्हा मूळ पक्षाकडे परतले. म्हणजे ज्यांच्या तोंडी हे वाक्य घातले जाते, त्यांनाच ते लागू पडत नाही!

आपल्या देशातील उदाहरण तर याहून बोलके आहे. दादाभाई नौरोजी यांचा जन्म १८२५चा. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी ब्रिटिशांच्या न्यायबुद्धीवर विश्वास ठेवून काढला. १८९२ साली ते ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात निवडून गेले. आकडेवारीनिशी गाऱ्हाणे मांडले की इंग्रज मनुष्य ते ऐकेल, अशी त्यांची श्रद्धा होती. अर्ज, निवेदने, भाषणे, ग्रंथ यांत चार दशके खर्ची पडली. भारतातून संपत्तीचा ओघ इंग्लंडकडे कसा वाहतो, हे त्यांनी जगापुढे मांडले. पण तो ओघ काही थांबला नाही. अखेर १९०६ साली कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, अध्यक्षपदावरून या मवाळ पितामहाने ‘स्वराज्य’ हा शब्द उच्चारला. वयाबरोबर रक्त थंड होते, असे म्हणणाऱ्यांनी दादाभाईंकडे पाहावे. त्यांचे राजकारण वार्धक्यात अधिक प्रखर झाले.

तेव्हा वय वाढले की माणूस आपोआप अमुक दिशेला वळतो, हा समज पहिल्या पायरीवरच बाजूला ठेवू या. मग बदल घडवते ते काय?

तारुण्याचा ठसा

समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी या प्रश्नाचा पुष्कळ विचार केला आहे. जर्मन विचारवंत कार्ल मॅनहाइम यांनी १९२८ साली पिढ्यांविषयी एक निबंध लिहिला. तारुण्याच्या उंबरठ्यावर माणूस जे सार्वजनिक अनुभव घेतो, तेच त्याच्या दृष्टीचा पाया ठरतात आणि पुढचे सारे अनुभव तो त्या पायावर रचत जातो, असे त्यांचे प्रतिपादन. पुढे अमेरिकेतील बेनिंग्टन या महिला महाविद्यालयात थिओडोर न्यूकोम्ब यांनी १९३०च्या दशकात एक अभ्यास केला. सुखवस्तू, परंपरानिष्ठ घरांतील मुली त्या महाविद्यालयात आल्या आणि तेथील वातावरणात त्यांची मते उदारमतवादाकडे झुकली. पंचवीसेक वर्षांनी आणि पुन्हा १९८४ साली त्याच स्त्रियांना गाठून विचारणा झाली. बहुसंख्य स्त्रियांनी विशीत घडलेली मते उतारवयातही टिकवली होती. म्हणजे माणूस वयाबरोबर जितका बदलतो असे आपण मानतो, तितका तो बदलत नाही.

आपल्या घरांकडे पाहिले तरी याचा पडताळा येतो. १९७५च्या आणीबाणीत जे विशीत होते, ते आज सत्तरीत आहेत. १४ नोव्हेंबर १९७५ रोजी सुरू झालेल्या सत्याग्रहात ज्यांनी स्वतःला अटक करवून घेतली, त्यांच्या मनावर त्या काळाचा ठसा आजही ताजा आहे. वृत्तपत्रावरील सेन्सॉरशिप म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. त्यानंतरची पिढी आमची. मतदानाचे वय एकवीसवरून अठरा झाले ते १९८९ साली. पहिले मत दिले न दिले तोच १९९०च्या ऑगस्टमध्ये मंडल आयोगाच्या शिफारशी, सप्टेंबरात सोमनाथहून निघालेली रथयात्रा, १९९१च्या जुलैत आर्थिक धोरणातील स्थित्यंतर आणि वर्षअखेरीस सोव्हिएत संघाचे विसर्जन, असे एकामागून एक धक्के आमच्या पिढीने पचवले. आणि आता २०००नंतर जन्मलेली पिढी मतदार झाली आहे. तिने आणीबाणी पाहिली नाही, रामजन्मभूमीचा संघर्षही पाहिला नाही. २२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येत झालेली प्राणप्रतिष्ठा मात्र तिने पाहिली. आजोबांना जे संघर्षातून लाभले, ते नातवाला वारशाने मिळाले आहे. एकाच घरात, एकाच भिंतीवरील त्याच प्रतिमेखाली बसून तीन पिढ्या तीन वेगळ्या दृष्टींनी देशाकडे पाहतात, याचे मूळ येथे आहे.

एका तुरुंगातून निघालेल्या वाटा

परंतु तारुण्याचा ठसा हेही पूर्ण उत्तर नव्हे. त्यासाठी मी आपल्याला नाशिकला घेऊन जाणार आहे. १९३२-३३चा काळ. सविनय कायदेभंगाच्या चळवळीतील अनेक तरुण नाशिक रोडच्या तुरुंगात होते. जयप्रकाश नारायण, मिनू मसानी, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, एसेम जोशी, ना. ग. गोरे. सारे विशी-तिशीतले. सारे सुशिक्षित, सारे समाजवादाने भारलेले. त्या तुरुंगातील चर्चांतूनच १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष जन्माला आला. वय, काळ, तुरुंग आणि विचारही एकच. मॅनहाइम यांच्या सिद्धान्तानुसार या सर्वांवर एकाच शाईचा ठसा उमटायला हवा होता. प्रत्यक्षात काय घडले?

मिनू मसानी यांनी रशिया डोळ्यांनी पाहिला होता. स्टालिनने आपल्याच सहकाऱ्यांवर चालविलेले मॉस्कोतील खटले आणि १९३९चा हिटलरशी केलेला करार यांनी त्यांचा भ्रमनिरास केला. १९५९ साली राजाजींबरोबर ते स्वतंत्र पक्षाच्या स्थापनेत अग्रभागी होते. समाजवादाचे संस्थापक खुल्या अर्थव्यवस्थेचे पुरस्कर्ते झाले. तेही अशा काळात, की जेव्हा त्या विचाराला देशात प्रतिष्ठा नव्हती.

अच्युतराव पटवर्धन हे अहमदनगरचे. बेचाळीसच्या भूमिगत लढ्यातील ते नायक. स्वातंत्र्य मिळाले आणि सत्तेची दारे किलकिली झाली, तेव्हा १९५०च्या सुमारास त्यांनी राजकारणाचा त्याग केला आणि ते जे. कृष्णमूर्ती यांच्या चिंतनाकडे वळले.

अशोक मेहता नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले, काँग्रेसमध्ये गेले, केंद्रात मंत्री झाले. अनेकांनी त्यांना संधिसाधू म्हटले. पण १९६८ साली सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या आणि भारत सरकारने त्याचा स्पष्ट निषेध करण्याचे टाळले, तेव्हा याच अशोक मेहतांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. आणीबाणीत ते तुरुंगात गेले.

एसेम आणि नानासाहेब गोरे अखेरपर्यंत समाजवादीच राहिले. या दोघांशी आपले वैचारिक मतभेद सर्वश्रुत आहेत. पण १९५५ साली गोव्याच्या मुक्तीसाठी नानासाहेब गोरे सत्याग्रहींची तुकडी घेऊन गेले आणि जनसंघाचे जगन्नाथराव जोशीही गेले. दोघांनीही पोर्तुगीजांचा तुरुंग भोगला. विचारांची कुंपणे त्या तुरुंगाच्या भिंतींहून खुजी ठरली.

पाहा, सहा तरुण आणि किती वाटा! त्यांचे वय सारखेच वाढत होते. तेव्हा फरक वयाचा नव्हता. अनुभवाने दिलेल्या धड्याचा प्रत्येकाने लावलेला अर्थ वेगळा होता.

जयप्रकाशांची परिक्रमा

या सर्वांत जयप्रकाशांची वाटचाल सर्वाधिक अभ्यासण्याजोगी आहे. १९२१ साली असहकाराच्या हाकेला ओ देऊन त्यांनी महाविद्यालय सोडले. १९२२ साली अमेरिकेला गेले. फळबागांत, कारखान्यांत राबून शिक्षण घेतले आणि विस्कॉन्सिन विद्यापीठात मार्क्सवादी झाले. १९२९ साली परतले ते गांधीजींच्या मार्गाविषयी मनात शंका घेऊनच. १९४२ साली ऐन दिवाळीत हजारीबागच्या तुरुंगाची भिंत ओलांडून निसटले, नेपाळच्या सीमेवर सशस्त्र दस्ते उभारू लागले, पकडले गेले आणि लाहोरच्या किल्ल्यात त्यांचा छळ झाला. त्या वयात जयप्रकाश म्हणजे क्रांतीचे मूर्तिमंत रूप होते.

मग १९५२ उजाडले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत समाजवादी पक्षाला लोकसभेच्या अवघ्या १२ जागा मिळाल्या. त्याच वर्षी जयप्रकाशांनी येथे पुण्यात एकवीस दिवसांचा उपवास केला. त्या एकांतात त्यांच्या मनात जे मंथन झाले, ते त्यांनी लगेच लेखरूपाने मांडले. जग केवळ जडद्रव्याचे असेल, तर माणसाने चांगले का वागावे? भौतिकवाद या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही, या निष्कर्षाला ते आले. पंचवीस वर्षे जो विचार उराशी बाळगला, त्याच्या पायालाच त्यांनी स्वतः हात घातला. तेव्हा त्यांचे वय पन्नाशीला टेकले होते. पन्नाशीत माणूस घराच्या डागडुजीचा विचार करतो; जयप्रकाशांनी पाया उकरला.

१९५४ साली बोधगयेला त्यांनी भूदान चळवळीसाठी जीवनदान जाहीर केले. नेहरूंचे उत्तराधिकारी म्हणून ज्यांचे नाव घेतले जाई, तो पुरुष खेडोपाडी जमीन मागत फिरू लागला. आणि वीस वर्षांनी, एकाहत्तराव्या वर्षी, प्रकृती खालावलेली असताना बिहारच्या विद्यार्थ्यांनी हाक दिली तेव्हा ते पुन्हा उभे राहिले. ५ जून १९७४ रोजी पाटण्याच्या गांधी मैदानावर त्यांनी संपूर्ण क्रांतीची घोषणा केली. ज्या वयात माणसे नातवंडांना विद्यार्थी चळवळीपासून दूर राहण्याचा सल्ला देतात, त्या वयात ते विद्यार्थ्यांचे नेते झाले.

आपल्या दृष्टीने यात एक विशेष भाग आहे. गांधीजींच्या हत्येनंतर जयप्रकाश संघाचे कठोर टीकाकार होते. १९६६-६७च्या बिहारमधील दुष्काळात त्यांच्या मदतकार्यात स्वयंसेवकांनी काम केले. चौऱ्याहत्तरच्या आंदोलनात तरुण खांद्याला खांदा लावून उभे राहिले. ४ नोव्हेंबर १९७४ रोजी पाटण्यात जयप्रकाशांवर उगारलेली लाठी नानाजी देशमुखांनी आपल्या हातावर झेलली. मार्च १९७५मध्ये दिल्लीतील जनसंघाच्या अधिवेशनात जाऊन जयप्रकाशांनी, जनसंघ फॅसिस्ट असेल तर मीही फॅसिस्ट आहे, या आशयाचे उद्गार काढले. आपल्या जुन्या मित्रांचा रोष पत्करून त्यांनी ते काढले. त्यांचे सारे आक्षेप मात्र मिटले नव्हते. संघाने सर्वधर्मीयांना आपली दारे उघडावीत, ही अपेक्षा त्यांनी पुढेही बोलून दाखवली. तीही आपण प्रांजळपणे नोंदवली पाहिजे. ज्या माणसाचा गौरव करायचा, त्याचे अर्धेच बोलणे ऐकायचे, हे बरे नव्हे.

ध्यानात घ्या, जयप्रकाशांचे मत कोणा विद्वानाच्या युक्तिवादाने बदलले नाही. दुष्काळातील काम आणि झेललेली लाठी त्यांनी पाहिली. येरवड्याच्या तुरुंगातही हेच घडले. बाळासाहेब देवरस तेथे होते, संघाचे कार्यकर्ते होते, समाजवादी होते, जमाते इस्लामीचेही लोक होते. एका रांगेत थाळी घेऊन बसल्यावर अनेकांचे पूर्वग्रह गळून पडले. सर्वांचेच गळाले असे मात्र नाही. १९७९ साली दुहेरी सदस्यत्वाच्या वादात जनता पक्ष फुटला, तेव्हा त्याच तुरुंगवासाचे दोन निरनिराळे अर्थ लावले गेल्याचे दिसले. अनुभव सर्वांना मिळतो. त्यातून शिकायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

कसोटी

मग प्रामाणिक परिवर्तन आणि संधिसाधूपणा यांत भेद कसा करायचा? हा प्रश्न आजच्या राजकारणात रोज पडतो. सकाळी एका पक्षात असलेला नेता सायंकाळी दुसऱ्या पक्षाचे उपरणे गळ्यात घालतो आणि आपले विचारपरिवर्तन झाल्याचे सांगतो. माझ्या मते कसोटी एकच आहे. त्या बदलासाठी त्याने काय मोजले आणि त्याला काय मिळाले? दादाभाईंना स्वराज्य शब्दाने कोणतेही पद दिले नाही. मसानींना नव्या विचाराने आयुष्यभर विरोधी बाकावर बसवले. अशोक मेहतांच्या पहिल्या बदलाविषयी शंका घेता येते, कारण त्यातून मंत्रिपद आले. दुसऱ्याविषयी घेता येत नाही, कारण त्यात ते गेले. जयप्रकाशांनी तर आरोग्यच मोजले. स्थानबद्धतेतच त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि १९७९ साली देहावसान होईपर्यंत ते डायलिसिसवर होते.

याच कसोटीची दुसरी बाजूही आहे आणि ती आपल्याला अधिक लागू पडते. काही माणसे मते बदलत नाहीत, पक्ष बदलत नाहीत, ध्वज बदलत नाहीत. तरीही त्यांची दृष्टी बदललेली असते. विरोधात असताना जो प्रश्न ते कडाडून विचारत, तोच प्रश्न आपली माणसे सत्तेवर आल्यावर त्यांना गैरसोयीचा वाटू लागतो. तरुणपणी ज्यांनी सेन्सॉरशिपविरुद्ध पत्रके वाटली, त्यांनाच उतारवयात टीकाकाराचे तोंड बंद व्हावे असे वाटू लागले, तर त्याला परिपक्वता म्हणता येणार नाही. अनेक दशके उपेक्षा, बंदी आणि उपहास सोसलेल्या संघटनेच्या कार्यकर्त्याला अनुकूल काळ ही प्रतिकूल काळाहून कठीण परीक्षा असते. प्रतिकूल काळात निष्ठेची परीक्षा शत्रू घेतो. अनुकूल काळात ती स्वतःची स्वतःच घ्यावी लागते.

घरातील प्रश्न

शेवटी घराकडे येतो. आज अनेक कुटुंबांत एक व्यथा आहे. मुलगा शाखेत यायचा, आता येत नाही. मुलगी महाविद्यालयात गेली आणि वेगळेच बोलू लागली. जेवणाच्या पानावर वाद होतात आणि वडील माणसे स्वतःचे समाधान करून घेतात, की संसाराचा भार पडला की येईल ताळ्यावर. हे समाधान खोटे आहे. वय कोणालाही ताळ्यावर आणत नाही, हे आपण पाहिले. आणि यात त्या मुलाचा उपमर्दही आहे. आपण त्याच्या प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी त्याचे वय मोजत बसतो. नदीच्या प्रदूषणाविषयी, जातीच्या अपमानाविषयी, स्त्रियांच्या स्थानाविषयी तो जे विचारतो, त्याचे उत्तर आपल्या विचारात आहे अशी आपली श्रद्धा असेल, तर ते द्यावे. तेही आचरणातून द्यावे. जयप्रकाशांना जसे मिळाले तसे.

आपल्या परंपरेने वयाचा विचार फार खोलवर केला आहे. आश्रमव्यवस्थेत वयानुसार भूमिका बदलते, ध्येय बदलत नाही. नानाजी देशमुखांनी हे आचरून दाखवले. १९७७ साली ते बलरामपूरमधून लोकसभेवर निवडून आले, देऊ केलेले मंत्रिपद त्यांनी नाकारले आणि साठी ओलांडलेल्यांनी राजकारण सोडून समाजकार्यात जावे, असे सांगून १९७८ साली स्वतः सक्रिय राजकारणातून बाहेर पडले. गोंडा जिल्ह्यात त्यांनी ग्रामविकासाचे जे केंद्र उभारले, त्याला नाव दिले जयप्रभाग्राम; जयप्रकाश आणि प्रभावतीदेवी या दांपत्याचे. पुढे चित्रकूट ही त्यांची कर्मभूमी झाली. २०१० साली तेथेच त्यांचे निधन झाले आणि इच्छेनुसार त्यांचा देहही वैद्यकीय संशोधनासाठी देण्यात आला. एक संघाचा प्रचारक, एक जुना मार्क्सवादी. दोघांची जन्मतारीखही एकच, ११ ऑक्टोबर. तरुणपणी हे दोघे एका व्यासपीठावर आले असते का, शंकाच आहे. उतारवयात ते एकत्र आले, कारण दोघांनीही सत्तेपेक्षा समाज मोठा मानला होता.

तेव्हा तरुण मित्रांना माझी विनंती आहे, की आज जे मत ठाम वाटते ते अनुभवाच्या कसाला लावायला भिऊ नका. ज्येष्ठांना विनंती अशी, की आपले मत बदलले नाही याचा अभिमान जरूर बाळगावा; पण ते अनुभवाने टिकले की सवयीने, हे एकदा तपासून पाहावे. मते ही वाट असते आणि राष्ट्र हे गंतव्य. वाट चुकली असे दिसले तर बदलायला लाज नसावी, आणि गंतव्य विसरायला वयाची सबब नसावी.